सबवूफर का जळतो?

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, लंबकांच्या कपाटाच्या खालच्या फळीवर, चार निकामी सबवूफर ठेवलेले आहेत. दुकानदाराकडे ते भंगार म्हणून गेले असते. आम्ही ते मागून आणले. वैद्यकीय महाविद्यालयात जसे शवविच्छेदन करतात, तसे दरवर्षी बारावीचे विद्यार्थी त्यांचे निरीक्षण करून मृत्यूचे कारण लिहितात. चौघांची कारणे वेगवेगळी आहेत. दुरुस्तीच्या दुकानात मात्र चारही वेळा एकच निदान झाले होते : "ओव्हरलोड झाला."

यांपैकी पहिला सबवूफर जवळच्याच एका शाळेतला. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून तो घेतला होता. स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, अकराव्या नाचाच्या वेळी, तो बंद पडला. अँप्लिफायरजवळ दहावीतला एक मुलगा बसला होता. त्यानेच आवाज वाढवून यंत्र मोडले असे ठरले आणि त्याच्या वडिलांकडून भरपाई घेतली गेली. मुलाचे म्हणणे एवढेच होते : "सर, मी आवाज वाढवला नाही. आवाज कमी व्हायला लागला होता, म्हणून तो पहिल्याइतका केला." हे कोणालाही पटले नाही. विद्यार्थी मित्रांनो, तो मुलगा खरे बोलत होता की नाही, हे पदार्थविज्ञानाच्या आधारे ठरवता येते. त्यासाठी आधी यंत्राची रचना पाहू.

सबवूफर म्हणजे केवळ खर्जातल्या ध्वनीसाठी बनवलेला ध्वनिवर्धक. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचा ध्वनी ऐकू येतो. (तुमच्या पुस्तकात कंप्रतेला वारंवारता म्हटले असेल; अर्थ एकच.) त्यातली तळाची २० ते १०० हर्ट्झची पट्टी सबवूफरच्या वाट्याला येते. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, यावरून या ध्वनींची कल्पना यावी. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेआठ मीटर असते, म्हणजे तुमच्या वर्गाच्या लांबीएवढी. १९७४ साली 'अर्थक्वेक' या अमेरिकन चित्रपटात भूकंपाचा अनुभव देण्यासाठी चित्रपटगृहांत मुद्दाम प्रचंड वूफर बसवले होते. प्रेक्षकांना ध्वनी ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवत असे.

सबवूफरच्या मागच्या बाजूस जड लोहचुंबक असतो. त्याच्या दोन ध्रुवांमध्ये कडेच्या आकाराची अरुंद फट असते. तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेचे एक वेटोळे पातळ नळीवर गुंडाळून या फटीत तरंगते ठेवलेले असते. कारागीर त्याला 'व्हॉइस कॉइल' किंवा नुसते 'कॉइल' म्हणतात. नळीला पुढे शंकूच्या आकाराचा पडदा, म्हणजे 'कोन', चिकटवलेला असतो. कोनाच्या कडेला रबराची किंवा फोमची लवचीक वळी असते आणि मागे 'स्पायडर' नावाची चुणीदार कापडी चकती असते. हे दोघे मिळून वेटोळ्याला फटीच्या मधोमध धरून ठेवतात. वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह गेला की फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमानुसार त्यावर बल कार्य करते, ते पुढे-मागे हलते, त्याबरोबर कोन हलतो आणि समोरची हवा ढकलली जाते. अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये या पद्धतीचा ध्वनिवर्धक मांडला. पुढे शंभर वर्षांत साहित्य बदलले, मूळ कल्पना बदललेली नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती ऐकून विद्यार्थ्यांना नेहमी आश्चर्य वाटते. ध्वनी निर्माण करणारे यंत्र म्हणून सबवूफर अतिशय अकार्यक्षम आहे. त्याला १०० वॅट विद्युतशक्ती दिली तर ध्वनीच्या रूपाने जेमतेम १ वॅट बाहेर पडते. पुष्कळदा तेवढीही नाही. उरलेली जवळजवळ सगळी शक्ती वेटोळ्यात उष्णता बनते. खरे पाहता सबवूफर ही थोडासा आवाज करणारी विजेची शेगडीच आहे. फरक इतकाच की शेगडीची तार उघड्यावर असते आणि ही तार गोंदाने चिकटवून, लाखेचे आवरण देऊन, लोखंडाच्या फटीत कोंडलेली असते.

ही तार किती लवकर तापते? आकडे घालून पाहू. समजा वेटोळ्यातले तांबे २० ग्रॅम आहे. तांब्याची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला दर अंश सेल्सिअसला ०.३८५ ज्यूल, म्हणजे सगळे वेटोळे १ अंशाने तापवायला ७.७ ज्यूल पुरतात. वेटोळ्याचा रोध ३.२ ओहम आहे आणि अँप्लिफायर त्याला २० व्होल्ट देत आहे असे धरा. सोयीसाठी इतर बारीकसारीक परिणाम सोडून देऊ. मग प्रवाह ६.२५ अँपिअर आणि उष्णतेत जाणारी शक्ती १२५ वॅट. उष्णता बाहेर पडण्यास वावच नसता तर तापमान दर सेकंदाला १६ अंशांनी चढले असते आणि साडेबारा सेकंदांत २०० अंशांची वाढ झाली असती! तारेचे आवरण आणि गोंद साधारण या टप्प्याच्या पुढे मऊ पडू लागतात, मग करपतात.

प्रत्यक्षात असे लगेच घडत नाही, याची कारणे दोन. पहिले असे की संगीत सलग नसते. ढोलाचा एक ठोका पडतो आणि दुसरा पडेपर्यंत मध्ये विसावा असतो. त्यामुळे सरासरी शक्ती शिखरशक्तीच्या मानाने पुष्कळच कमी राहते. दुसरे कारण म्हणजे वेटोळ्यातली उष्णता फटीतला हवेचा पातळ थर ओलांडून शेजारच्या लोखंडात शिरते. लोखंड आणि लोहचुंबक काही किलोग्रॅमचे असतात, ते बरीच उष्णता पोटात घेतात. पण त्यांचेही पोट कधीतरी भरते. वेटोळे काही सेकंदांत तापते, लोहचुंबक तापायला अर्धा-पाऊण तास किंवा अधिक लागतो. एकदा तो तापला की वेटोळ्याची उष्णता जायची कोठे? म्हणूनच पहिल्या गाण्याला जो आवाज सहज सोसला जातो, तोच आवाज अकराव्या गाण्याला जीवघेणा ठरतो.

आता त्या मुलाच्या म्हणण्याकडे वळू. तापमान वाढले की धातूचा रोध वाढतो, हे तुम्ही शिकला आहात. तांब्याच्या बाबतीत ही वाढ दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के असते. २०० अंशांनी तापलेल्या आपल्या वेटोळ्याचा रोध ३.२ वरून सुमारे ५.७ ओहम होतो. अँप्लिफायर अजूनही २० व्होल्टच देत आहे, त्यामुळे प्रवाह ६.२५ वरून ३.५ अँपिअरवर येतो. कोनावरचे बल प्रवाहाच्या प्रमाणात असते, म्हणून तेही उतरते आणि आवाज जवळजवळ ५ डेसिबलने खाली येतो. बटणाला कोणी हात लावलेला नाही आणि आवाज मात्र कमी झाला आहे!

अशा वेळी जवळ बसलेला माणूस काय करील? बटण फिरवून आवाज पूर्ववत करील. त्यासाठी प्रवाह पुन्हा ६.२५ अँपिअर हवा, म्हणजे ५.७ ओहमच्या रोधाला सुमारे ३५.६ व्होल्ट हवेत. आता उष्णता किती होते पाहा : ३५.६ गुणिले ६.२५, म्हणजे सुमारे २२३ वॅट. कानाला आवाज पहिल्याइतकाच वाटतो, पण वेटोळे जवळजवळ पावणेदोनपट उष्णता सोसत असते. त्याने ते आणखी तापते, रोध आणखी वाढतो, आवाज पुन्हा उतरतो, बटण पुन्हा फिरते. शाळेच्या त्या सबवूफरचा कोन आम्ही कापला तेव्हा वेटोळे एका अंगाला कोळशासारखे काळे पडलेले होते आणि तारेचे वेढे नळीवरून सुटले होते. ही खूण दीर्घकाळ तापल्याची आहे, एखाद्या धसमुसळ्या धक्क्याची नव्हे. मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. यंत्राजवळ बसवताना त्याला कोणी हे सांगितले नव्हते, आणि सांगणाऱ्यांना तरी ते कोठे ठाऊक होते?

तेव्हा हे पक्के ध्यानात ठेवा : बराच वेळ चाललेल्या कार्यक्रमात खर्ज आपोआप उतरला तर तो वाढवायचा नसतो. उलट आवाज खाली आणून यंत्राला दहा-पंधरा मिनिटे विसावा द्यायचा. वेटोळे चटकन निवते, लोहचुंबकाला मात्र वेळ लागतो.

याच संदर्भात एक गैरसमज फार पसरलेला आहे. लहान अँप्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे चालवला की तरंगांचे माथे छाटले जातात. वळणदार तरंग सपाट डोक्याचा, चौकोनी होऊ लागतो. इथवर बरोबर आहे. पुढे सांगतात की सपाट माथा म्हणजे एकदिश प्रवाह, त्या वेळी कोन जागच्या जागी थांबतो, म्हणून वेटोळे जळते. हे चूक आहे. चौकोनी तरंग वर जितका वेळ असतो तितकाच खालीही असतो, त्याची सरासरी शून्य येते, तिथे एकदिश प्रवाह कोठून येणार? कोनही काही थांबत नाही, स्वतःच्या जडत्वाने तो चालतच राहतो. नुकसानीचे खरे कारण साधे आहे. समान उंचीच्या वळणदार तरंगाच्या मानाने पूर्ण चौकोनी तरंग दुप्पट शक्ती वाहून नेतो. म्हणजे १०० वॅटचा अँप्लिफायर, त्याचा वीजपुरवठा तग धरील तर, २०० वॅटपर्यंत देऊ शकतो! शिवाय माथे छाटल्यामुळे ठोका आणि विसावा यांतला फरक बुजतो, सरासरी शक्ती चढते. आवाज फाटल्यासारखा येऊ लागला किंवा अँप्लिफायरवरचा 'क्लिप'चा लाल दिवा वरचेवर लागू लागला, तर हेच चालले आहे असे समजा.

खराखुरा एकदिश प्रवाह सबवूफरमध्ये शिरतो तो वेगळ्याच मार्गाने. आमच्या फळीवरचा तिसरा सबवूफर त्याचा बळी आहे. अँप्लिफायरमधला ट्रान्झिस्टर आतून जोडला जाऊन निकामी झाला की वीजपुरवठ्याचा सगळा दाब सरळ वेटोळ्यावर येतो. ४० व्होल्टचा पुरवठा आणि ३.२ ओहमचे वेटोळे घेतले तर ५०० वॅट, आणि तेही अखंड. कोन एका बाजूला ओढला जाऊन तिथेच अडकतो, आवाज अजिबात येत नाही, काही सेकंदांत धूर येतो. अशा वेळी दुसरा चांगला सबवूफर त्याच अँप्लिफायरला लावून पाहण्याचा मोह होतो. कृपा करून तसे करू नका, तोही जाईल. चांगल्या अँप्लिफायरमध्ये हा दोष ओळखून जोडणी तोडणारा रिले असतो; जुन्या किंवा हातबनावटीच्या यंत्रात तो नसेल तर स्पीकरच्या तारेत योग्य क्षमतेचा फ्यूज घालणे शहाणपणाचे.

दुसऱ्या सबवूफरचे वेटोळे अगदी स्वच्छ आहे. ते तापलेच नव्हते. पण ज्या नळीवर ते गुंडाळले आहे तिचे मागचे टोक चेपले गेले आहे आणि स्पायडर एका बाजूने उखडला आहे. याच्या मृत्यूचे कारण समजायला एक नियम माहीत हवा : एकाच तीव्रतेचा ध्वनी हवा असेल तर कंप्रता निम्मी झाली की कोनाचा परमप्रसर चौपट व्हावा लागतो. (ध्वनीचा दाब कोनाच्या त्वरणाच्या प्रमाणात असतो आणि त्वरण कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी सरल आवर्त गतीचे सूत्र वापरून हे ताडून पाहावे.) १२ इंची सबवूफरचा कोन ८० हर्ट्झला १ मिलिमीटर पुढे आणि तितकाच मागे हलला, तर एक मीटरवर ९८ ते ९९ डेसिबल आवाज मिळतो. तोच आवाज ४० हर्ट्झला हवा असेल तर ४ मिलिमीटर हलले पाहिजे आणि २० हर्ट्झला १६ मिलिमीटर! इतकी मजल घरगुती सबवूफरला सहसा झेपत नाही. वेटोळे फटीबाहेर पडते, स्पायडर ताणला जातो आणि नळीचे टोक मागच्या लोखंडी पाटीवर आपटते. त्या वेळी लाकडावर ठोकल्यासारखा 'टक् टक्' आवाज येतो. हा आवाज ऐकताच बटण खाली आणावे. गाणे संपण्याची वाट पाहू नये.

खोक्याचा प्रकारही येथे महत्त्वाचा ठरतो. बंद खोक्यात आतली हवा स्प्रिंगचे काम करते आणि कोनाला आवर घालते. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये या हवेच्या स्प्रिंगचा मुद्दाम उपयोग करून लहान खोक्यातून खोल खर्ज काढून दाखवला. पण बाजारातल्या पुष्कळ सबवूफरांच्या खोक्याला एक नळीदार भोक असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की बाटली घुमते, तेच तत्त्व येथे आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा अनुनादक आहे. खोके ज्या कंप्रतेला घुमते तिथे भोकातली हवा जोराने हलते आणि कोन जवळजवळ स्थिर राहतो. युक्ती सुरेख आहे. परंतु त्या कंप्रतेच्या खाली गेलात की हवा भोकातून नुसतीच आत-बाहेर करते, स्प्रिंग नाहीशी होते आणि कोन मोकाट सुटतो. कानाला विशेष काही ऐकू येत नाही, डोळ्यांना मात्र कोन थडथडताना दिसतो. आमचा हा दुसरा सबवूफर एका विद्यार्थ्याच्या थोरल्या भावाचा होता. त्याने मोबाइलवरून 'बेस टेस्ट'चे सूर लावले, ५० हर्ट्झपासून उतरत १५ पर्यंत. ऐकू येईना म्हणून बटण वाढवत गेला. वाजवायला संगीत नव्हते, विसावा नव्हता, आणि खोके ३५ हर्ट्झच्या आसपास घुमणारे! सलग सूर वाजवून सबवूफरची परीक्षा घेणे म्हणजे दादाला उपाशीपोटी बैठका मारायला लावून त्याची ताकद मोजण्यासारखे आहे.

यावर उपाय आहे. अनेक अँप्लिफायरांवर 'सबसॉनिक फिल्टर'ची कळ असते, ती खोक्याच्या घुमण्याच्या कंप्रतेच्या किंचित खाली लावली की त्याखालचे निरुपयोगी तरंग अडवले जातात. 'बेस बूस्ट'च्या कळीपासून मात्र जपून राहावे. ६ डेसिबलची वाढ म्हणजे चौपट शक्ती, १० डेसिबलची वाढ म्हणजे दहापट, आणि दहापट शक्ती खर्चून कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो, इतकेच. वर्गणी काढून मोठा अँप्लिफायर घेणाऱ्या मंडळांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. त्यापेक्षा सबवूफर भिंतीला लागून जमिनीवर ठेवला तर ध्वनी परावर्तित होऊन आवाज फुकट वाढतो. एकाऐवजी दोन सबवूफर शेजारी-शेजारी ठेवले तर तोच आवाज काढायला प्रत्येकाला चतुर्थांश शक्ती पुरते. आणि सभागृह त्यानेही भरत नसेल, तर दोष यंत्राचा नाही, अपेक्षेचा आहे. वेटोळे जळले तर नवे बसवता येते, कानाच्या आतल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

चौथ्या सबवूफरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तो म्हातारपणाने गेला. त्याच्या कडेची वळी पॉलियुरेथेनच्या फोमची होती. दमट हवेत हा फोम काही वर्षांनी चिकट होऊन भुग्यासारखा गळतो. कोकणात आणि मुंबईत हे लवकर घडते. वळी गेली की वेटोळे मधोमध राहत नाही, फटीच्या भिंतीला घासते. वेळीच लक्ष गेले तर नवी वळी चिकटवून घेता येते, त्यासाठी सबंध यंत्र टाकण्याची गरज नसते. खरेदी करतानाच रबराची वळी पाहून घ्यावी.

आता घरी किंवा शाळेत करण्यासारखी तपासणी. ज्या सबवूफरच्या खोक्यातच अँप्लिफायर असतो तो उघडू नका. आतले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही काळ भारित राहतात आणि जोराचा धक्का देतात. साध्या, तारेने जोडायच्या सबवूफरच्या तारा अँप्लिफायरपासून सोडवा. १.५ व्होल्टचा एक सेल क्षणभर त्याच्या टोकांना लावा : कोन किंचित पुढे किंवा मागे सरकला आणि हलकासा 'थप्' आवाज आला तर वेटोळे अखंड आहे. काहीच झाले नाही तर तार तुटली आहे, मग ती वेटोळ्यात असेल किंवा कोनाकडे जाणाऱ्या लवचीक जोडतारेत. दुसरा दोष स्वस्तात निघतो. नंतर दोन्ही हातांची बोटे कोनावर सारख्या अंतरावर ठेवून तो अगदी हळू आत दाबा. खरखर लागली तर वेटोळे घासत आहे. शेवटी नाक जवळ न्या. जळलेल्या लाखेचा वास एकदा घेतलात की पुन्हा विसरणार नाही.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. मल्टिमीटरने थंड सबवूफरचा रोध मोजा. ४ ओहमच्या सबवूफरला तो ३.२ च्या आसपास येईल, कारण छापलेला आकडा प्रत्यावर्ती प्रवाहासाठी असतो. मग अर्धा तास मध्यम आवाजात गाणी वाजवा. अँप्लिफायर बंद करून तारा झटकन सोडवा आणि लगेच पुन्हा रोध मोजा. दोन-तीन सेकंदांचा उशीरसुद्धा चालणार नाही, कारण वेटोळे तितक्यात निवू लागते. समजा आता ३.७ ओहम आले. वाढ साडेपंधरा टक्क्यांहून थोडी जास्त. तिला दर अंशाच्या ०.३९ टक्क्यांनी भागले की वेटोळे सुमारे ४० अंशांनी तापले होते हे कळते. यंत्र न उघडता, थर्मामीटर न लावता आतले तापमान मिळाले! दर पाच मिनिटांनी असे मोजमाप घेऊन कालाविरुद्ध तापमानाचा आलेख काढा. सुरुवातीला तो झपाट्याने चढेल आणि मग सावकाश चढत राहील. ती सावकाश चढण लोहचुंबकाची.